पटावरील खोली : 'ड्वार्फ फोर्ट्रेस' या संगणकीय खेळातील ऊर्ध्व पातळ्यांचे आकलन – एक चिकित्सक अभ्यास

सारांश

'ड्वार्फ फोर्ट्रेस' या संगणकीय खेळातील जग त्रिमितीय आहे. परंतु ते खेळाडूसमोर एका वेळी एकाच आडव्या पातळीच्या रूपाने येते. पडद्यावर न दिसणारी तिसरी मिती खेळाडूला चिन्हांच्या आधारे वाचावी लागते. प्रस्तुत लेखात या ऊर्ध्व मितीचा विचार थर, मजला आणि पातळी या तीन संकल्पनांच्या आधारे केला आहे. २००७, २०१०, २०१४ आणि २०२२ या वर्षांतील आवृत्त्यांमुळे या मितीच्या स्वरूपात व आकलनात कोणते बदल झाले, खेळाच्या दुर्बोधतेविषयीच्या आक्षेपात तथ्य किती, आणि हे ऊर्ध्व जग कोठे अपुरे पडते, या प्रश्नांची चर्चा येथे केली आहे.

बीजसंज्ञा : संगणकीय खेळ, ऊर्ध्व मिती, पट, चिन्हव्यवस्था, अवकाश, आकलन.

१. प्रस्तावना

पटावरच्या खेळात खोली नसते. बुद्धिबळाचा पट असो वा सारीपाट, सोंगटी एका घरातून दुसऱ्या घरात सरकते. ती घराच्या खाली जात नाही. संगणकीय खेळांच्या आरंभकाळात हाच पट पडद्यावर आला आणि अनेक खेळांचे जग घरांच्या जाळीचे बनले. अशा जाळीला उंची आणि खोली देण्याचे प्रयत्न पुढे निरनिराळ्या मार्गांनी झाले. त्यांपैकी अत्यंत चिवट आणि वैचारिकदृष्ट्या समृद्ध प्रयत्न म्हणून 'ड्वार्फ फोर्ट्रेस' या खेळाचा निर्देश करावा लागतो.

टार्न अ‍ॅडम्स आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन बंधूंनी २००२ मध्ये या खेळाच्या निर्मितीस आरंभ केला व 'बे ट्वेल्व्ह गेम्स' या नावाने त्याची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००६ मध्ये प्रसिद्ध केली. 'हिमगौरी आणि सात बुटके' या कथेमुळे मराठी वाचकाच्या परिचयाचे झालेले बुटके या खेळाचे नायक आहेत. योगायोगाने येथेही आरंभी सातच बुटके असतात. त्यांनी डोंगर पोखरून वसाहत उभारावी, शेती करावी, धातू वितळवावेत, शत्रूला तोंड द्यावे आणि बहुधा शेवटी नष्ट व्हावे, असे या खेळाचे सामान्य स्वरूप आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संस्थेने २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी ज्या पहिल्या चौदा संगणकीय खेळांची निवड जाहीर केली, त्यांत याचा समावेश होता.

मूळ रूपात या खेळात चित्रे नव्हती. जुन्या संगणकांवरील अक्षरसंचातील अक्षरे, विरामचिन्हे आणि रेषाखंड यांतूनच संपूर्ण जग रेखाटलेले होते. त्यामुळे 'समजण्यास अतिशय कठीण' असा लौकिक या खेळास प्राप्त झाला. हा लौकिक कितपत योग्य आहे, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. खेळाची काठिण्यपातळी त्याच्या अक्षरचित्रांत आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रत्यक्षात ती मुख्यत्वे ऊर्ध्व मितीच्या आकलनात आहे, आणि या काठिण्याचा काही भाग दोष असला तरी काही भाग या कृतीच्या आशयाचाच अंश आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. संज्ञेचा विचार

इंग्रजीत या खेळाच्या पातळ्यांना 'झेड-लेव्हल' म्हणतात. भूमितीतील क्ष, य, झ या तीन अक्षांपैकी तिसऱ्या अक्षावरून हे नाव पडले. ते अचूक असले तरी रिक्त आहे. पातळीला क्रमांक देण्यापलीकडे ते काही सांगत नाही. मराठीत मात्र याच कल्पनेसाठी एकापेक्षा अधिक शब्द आहेत आणि त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. 'थर' हा निसर्गाने साचवलेला असतो. मातीचा थर, खडकाचा थर. 'मजला' माणसाने बांधलेला असतो. त्याला जमीन असते, छप्पर असते आणि तेथे जाण्यासाठी जिना लागतो. 'पातळी' ही मोजण्याची वस्तू आहे. पुराच्या काळात वृत्तपत्रे नदीच्या थराविषयी किंवा मजल्याविषयी लिहीत नाहीत, तर पातळीविषयी लिहितात.

'ड्वार्फ फोर्ट्रेस'मधील प्रत्येक आडवे पृष्ठ या तिन्ही अर्थांनी एकाच वेळी सार्थ असते. खणण्यापूर्वी तो थर असतो, खणल्यावर मजला होतो, आणि त्यात पाणी शिरले की त्याची पातळी होते. खेळाडूची कसोटी एकाच पृष्ठाचे हे तिन्ही अर्थ एकत्र वाचण्यात आहे. म्हणून पुढील विवेचन याच क्रमाने केले आहे.

३. थर : खोलीचा इतिहास

२००६ च्या पहिल्या आवृत्तीत ऊर्ध्व मिती नव्हतीच. जग एकाच पृष्ठावर पसरलेले होते. डावीकडे मोकळे मैदान आणि उजवीकडे डोंगराचा कडा, अशी रचना असे. खेळाडू कड्यातून उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे खणत जाई. वाटेत क्रमाने भूमिगत नदी, मग दरी, मग लाव्हारसाचा प्रवाह आणि अखेरीस अतिमौल्यवान धातू व त्याच्या आश्रयाने असलेले भयंकर संकट अशी स्थाने येत. येथे 'खोल' या शब्दाचा अर्थ 'अधिक उजवीकडे' असा होता. ओळ जशी डावीकडून उजवीकडे वाचावी, तसा डोंगर वाचला जाई, आणि संकटांचा क्रमही ओळीतील शब्दांप्रमाणे ठरलेला असे.

ऑक्टोबर २००७ मधील आवृत्तीने या जगात पातळ्या आणल्या. या बदलाचे वर्णन सामान्यतः 'खेळ द्विमितीयाचा त्रिमितीय झाला' असे केले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. या बदलाने जागा वाढली, तसाच कथनाचा क्रमही मोडला. आता नदी, दरी वा लाव्हारसाची नळी निवडलेल्या भूभागानुसार असे किंवा नसे. कोणते संकट आधी येईल याची शाश्वती राहिली नाही. डोंगर खरा झाला, पण त्याची गोष्ट विस्कळीत झाली.

ही विस्कळीतता एप्रिल २०१० च्या आवृत्तीने दूर केली. तीमध्ये जमिनीखाली एकाखाली एक असे विस्तीर्ण गुहांचे तीन थर, त्यांखाली लाव्हारसाचा समुद्र आणि त्याही तळाशी पाताळ, अशी रचना आली. म्हणजे २००६ मधील आडव्या ओळीचा क्रम नव्वद अंशांनी फिरवून उभा करण्यात आला. पूर्वी जे उजवीकडे होते ते आता खाली गेले. या टप्प्यावर ऊर्ध्व मितीला केवळ भौमितिक नव्हे, तर नैतिक अर्थही प्राप्त झाला. वर उजेड, व्यापारी आणि ऋतू. खाली संपत्ती, अंधार आणि विनाश. लोभाचे प्रमाण किती, हे खेळाडूने किती पातळ्या खाली खणले यावरून मोजता येऊ लागले. स्वर्ग वर आणि पाताळ खाली ही कल्पना जगभरच्या पुराकथांत आढळते. येथे ती उपदेशाच्या रूपाने न येता खडकाच्या रचनेच्या रूपाने येते, हे या कृतीचे यश होय.

जुलै २०१४ मधील आवृत्तीने हाच विचार जमिनीच्या वर नेला. तोपर्यंत झाड म्हणजे एका घरातले एक चिन्ह होते. आता झाडाचे खोड, फांद्या आणि पर्णसंभार अनेक पातळ्यांवर पसरू लागला. त्याच आवृत्तीत प्राण्यांना चढण्याची क्षमता मिळाली. तटबंदीची भिंत हा तोवर आडव्या वाटेतला अडथळा होता. आता ती चढून जाता येण्याजोगी उंची झाली. भिंतीच्या अर्थातील हा बदल लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे.

४. मजला : चिन्हांचे व्याकरण

खेळाडूला हे जग छेदाच्या रूपाने दिसते. वास्तुविशारद इमारतीच्या प्रत्येक मजल्याचा स्वतंत्र आराखडा काढतो आणि जाणकार माणूस ते आराखडे मनात एकावर एक ठेवून इमारत पाहतो; येथेही तसेच घडते. फरक इतकाच की आराखड्यासोबत इमारतीचे बाह्यदृश्यही दिलेले असते. या खेळाने ते कधीच दिले नाही. खालची-वरची पातळी पाहण्यासाठी कळ दाबावी लागते, आणि नवी पातळी दिसू लागताच आधीची दृष्टीआड होते. म्हणून ऊर्ध्व मितीचे आकलन हे मुळात स्मरणाचे काम ठरते.

या स्मरणास आधार देणारी चिन्हव्यवस्था पाहण्यासारखी आहे. येथील प्रत्येक घराला दोन अंगे असतात : तळाची जमीन आणि तिच्यावरची पोकळी. पोकळीत भिंत असेल तर त्या भिंतीचा माथा हीच वरच्या पातळीची जमीन होते. साहजिकच खालची भिंत खणून काढली तरी वरची जमीन राहते. परंतु वरून चर खणला तर जमीनही जाते आणि खालच्या पातळीवर उतार तयार होतो. नवख्या खेळाडूचे अनेक गोंधळ या एका नियमाच्या अज्ञानातून उद्भवतात.

उताराचे चिन्ह तर या व्यवस्थेचे मर्मच म्हणावे लागेल. उतार खालच्या पातळीवरून वर टोक असलेल्या त्रिकोणाने आणि वरच्या पातळीवरून खाली टोक असलेल्या त्रिकोणाने दाखवला जातो. चिन्हे दोन असली तरी वस्तू एकच असते. उलटपक्षी जिन्याच्या बाबतीत एकाच वाटेसाठी दोन वस्तू लागतात. खालच्या पातळीवर वर जाणारा जिना आणि वरच्या पातळीवर खाली येणारा जिना, असे दोन्ही खणल्याशिवाय वाट जुळत नाही. एकीकडे एका वस्तूची दोन चिन्हे आणि दुसरीकडे दोन वस्तूंची मिळून एक वाट, असा हा व्यत्यास आहे. भाषेच्या अभ्यासकाला यात समानार्थी शब्द आणि जोडशब्द यांच्यातील भेदाची आठवण व्हावी.

अन्य खेळांशी तुलना केल्यास या व्यवस्थेचे वेगळेपण स्पष्ट होते. १९८७ मधील 'नेटहॅक' या खेळातही जिन्याची हीच चिन्हे आहेत. परंतु तेथील तळघरे परस्परांपासून तुटलेली आहेत. खेळाडूने एक तळघर सोडले की तेथील काळ थांबतो. एका तळघरातील पाणी दुसऱ्यात ठिबकत नाही. ती खऱ्या अर्थाने पातळ्या नसून प्रकरणे आहेत. २०११ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या 'माइनक्राफ्ट' या खेळाच्या निर्मात्याने 'ड्वार्फ फोर्ट्रेस'चा प्रभाव मान्य केला आहे. परंतु तेथे खेळाडू जगाच्या आत उभा असतो आणि खोल खड्डा डोळ्यांनी पाहतो. 'ड्वार्फ फोर्ट्रेस'ने या दोहोंमधील अवघड जागा निवडली. त्याचे जग 'माइनक्राफ्ट'सारखे अखंड आहे, पण त्याचे दर्शन 'नेटहॅक'सारखे तुटक आहे. वस्तू अखंड आणि दर्शन खंडित, या विसंगतीतूनच त्याचे सर्व नाट्य निर्माण होते.

५. पातळी : पाण्याची साक्ष

या नाट्याचा परमोत्कर्ष पाण्यात दिसतो. खेळात प्रत्येक घरातील पाण्याची खोली १ ते ७ या अंकांनी मोजली जाते. ७ म्हणजे घर पूर्ण भरले. पाणी खाली पडते, आडवे पसरते आणि दाबाखाली वरही चढते. नदीचे पाणी भरलेल्या घरांच्या साखळीतून पुढे जात, आपल्या उगमाच्या पातळीपर्यंत वर येऊ शकते. परस्परांना जोडलेल्या भांड्यांतील पाणी समान पातळी गाठते, या शालेय पदार्थविज्ञानातील तत्त्वाचेच हे रूप आहे.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेता येईल. खेळाडूने नदीपासून पाच पातळ्या खाली भोजनगृह खणले. तेथे विहीर हवी म्हणून त्याच्याही दोन पातळ्या खाली टाके खणले आणि नदीपासून टाक्यापर्यंत बोगदा काढला. तिन्ही पृष्ठे स्वतंत्रपणे पाहिली असता कोठेही चूक आढळत नाही. नदीच्या पृष्ठावर एक तोंड आहे, टाक्याच्या पृष्ठावर एक खोली आहे, भोजनगृहाच्या पृष्ठावर एक विहीर आहे. तथापि बोगदा उघडताच टाके भरते, पाणी विहिरीतून वर चढते आणि भोजनगृह बुडते. कारण पाण्यासाठी ही तीन पृष्ठे नव्हती. ती एकच नळी होती आणि तिचे वरचे टोक नदीच्या पातळीवर होते.

खेळाडूने पृष्ठे वाचली; पाण्याने ग्रंथ वाचला. त्रिमितीचे अखंड आकलन या खेळात प्रथम पाण्याला होते आणि मागाहून, नुकसान सोसून, खेळाडूला होते. या अर्थाने पूर ही या खेळातील टीकाच आहे. खेळाडूने केलेल्या अपुऱ्या वाचनावरची ती टीका असते. तिची किंमत बुटके प्राणांनी चुकवतात, ही गोष्ट वेगळी. आकलनातील चूक येथे गुण कमी होण्यात न संपता मृत्यूत संपते, म्हणून ऊर्ध्व मितीचा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

याच संदर्भात उजेडाचा नियमही लक्षणीय आहे. जमिनीखालचे एखादे घर एकदा आकाशाला उघडे झाले की पुन्हा छप्पर घातले तरी त्याची गणना जमिनीवरच्या घरांतच होते, आणि तेथे वरची पिके घेता येतात. उलट दीर्घकाळ खाली राहिलेला बुटका सूर्यप्रकाशात येताच त्याला मळमळ व वांती होते. म्हणजे उभ्या स्तंभातील प्रत्येक घराला आणि प्रत्येक रहिवाशाला आपल्या उंचीचा इतिहास चिकटलेला असतो.

६. मर्यादा

या व्यवस्थेचे दोषही तितकेच स्पष्टपणे नोंदवले पाहिजेत. पहिला दोष गुरुत्वाकर्षणाच्या पक्षपाताचा आहे. पाणी पडते, उंचावरून पडलेला बुटका जखमी होतो वा मरतो, परंतु जिना चढण्याचे श्रम मात्र कोणालाच होत नाहीत. एक पातळी वर जाणे आणि एक घर पुढे जाणे येथे सारखेच. परिणामी उत्तम वसाहत म्हणजे मधोमध एक जिना आणि त्याभोवती रचलेले मजले, अशी मनोऱ्यासारखी रचना सोयीची ठरते. डोंगराच्या कुशीत पसरण्याचे जे आकर्षण २००६ च्या रचनेत होते, ते या सोयीपुढे फिके पडले.

दुसरा दोष आधाराचा आहे. कोणताही खडक वा बांधकाम एका घराने जरी अन्य आधाराशी जोडलेले असेल तरी ते टिकते. एका खांबावर अख्खा डोंगर उभा राहू शकतो. तो खांब काढला की सारे एकदम कोसळते. भाराची कल्पना येथे नाही, केवळ संलग्नतेची आहे. तिसरा दोष पाण्याच्या दाबाविषयी आहे. वाटेत पाण्याला दोन भिंतींच्या कोपऱ्यांमधून तिरके जावे लागले तर दाब नाहीसा होतो. अनुभवी खेळाडू विहिरी याच युक्तीने सुरक्षित करतात. ही युक्ती निसर्गनियमांतून सुचणारी नाही. ती नियमावलीतील अपवादासारखी पाठ करावी लागते. वर ज्या पाण्याला सुज्ञ वाचक म्हटले, त्याचेही वाचन असे कोपऱ्यावर अडखळते, हे मान्य केले पाहिजे.

दुर्बोधतेच्या आक्षेपाचे उत्तर या विवेचनाच्या आधारे देता येईल. उताराची दोन चिन्हे लक्षात ठेवणे, जिन्याचे दोन भाग वेगवेगळे खणणे, तिरक्या वाटेचा अपवाद पाठ करणे, ही सारी अडचण नियमांची व साधनांची आहे. ती दूर झाल्यास कृतीचे काही बिघडत नाही. परंतु खाली काय आहे हे न दिसणे ही अडचण त्या प्रकारची नाही. जमीन अपारदर्शक असते. खणणाऱ्याला पुढचा थर दिसत नाही म्हणूनच खणण्याला धाडसाचा अर्थ असतो.

७. २०२२ ची आवृत्ती

हा भेद लक्षात घेऊन ६ डिसेंबर २०२२ रोजी किटफॉक्स गेम्स या प्रकाशकाने स्टीमवर आणलेल्या सचित्र आवृत्तीचे मूल्यमापन करावे लागेल. अक्षरांच्या जागी चित्रे आली. माउसचा वापर सुकर झाला. जिना आता अनेक पातळ्यांमधून एकाच आज्ञेने खणता येतो आणि त्याचे वरचे-खालचे भाग आपोआप जुळतात. हे सर्व बदल पहिल्या प्रकारच्या अडचणी दूर करणारे असल्याने स्वागतार्ह आहेत.

सर्वांत महत्त्वाचा बदल मोकळ्या जागेच्या दर्शनात झाला. मूळ रूपात मोकळ्या जागेतून फार तर लगतच्या खालच्या पातळीची पुसट सूचना मिळे. नव्या आवृत्तीत खालच्या अनेक पातळ्या क्रमशः धूसर होत गेलेल्या दिसतात. दरीच्या काठावर उभे राहिल्याचा अनुभव त्यामुळे प्रथमच मिळतो. यामुळे खेळाचे मर्म हरवले काय? तसे म्हणता येत नाही. कारण जे दिसू लागले ते मोकळ्या हवेतून दिसू लागले. खडक पूर्वीइतकाच अपारदर्शक राहिला. वर वर्णिलेल्या विहिरीची दुर्घटना नव्या आवृत्तीतही घडते, कारण बोगदा खडकाच्या आत असतो आणि वरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही. दरी दृश्य झाली. बोगदा वाचनाचाच विषय राहिला.

मात्र एक हानी नोंदवणे आवश्यक आहे. चिन्हांच्या जगात खेळाडूला आपल्या अज्ञानाची सतत जाणीव असे. नीटस चित्रे पाहताना आपल्याला सारे दिसत आहे असा भास होतो. दृश्याची वाढलेली स्पष्टता आणि आकलनाचा वाढलेला विश्वास या एकच गोष्टी नव्हेत.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. एक, 'ड्वार्फ फोर्ट्रेस'मधील ऊर्ध्व मिती ही प्रामुख्याने दृश्य नसून वाचनीय आहे. दोन, २००७ मधील पातळ्यांनी अवकाश दिला, परंतु त्या अवकाशाला कथनाचा अर्थ २०१० मधील थरांच्या क्रमाने दिला. तीन, पाण्याचे वर्तन हा खेळाडूच्या त्रिमितीय आकलनाचा खरा निकष आहे. चार, खेळाच्या दुर्बोधतेपैकी साधनांची दुर्बोधता हा दोष होता आणि तो २०२२ मध्ये बऱ्याच अंशी दूर झाला. जमिनीची दुर्बोधता हा आशय आहे आणि तो अबाधित राहिला.

संगणकीय खेळांचा विचार करताना चित्रांच्या वास्तवतेला अवाजवी महत्त्व देण्याची प्रवृत्ती दिसते. प्रस्तुत खेळाचे उदाहरण त्या प्रवृत्तीस पुरेसे उत्तर आहे. एका विरामचिन्हाने दाखवलेली जमीनही खोल असू शकते. ती किती खोल आहे हे तिच्याखाली काय दडले आहे आणि ते चुकीचे वाचल्यास कोणाला काय भोगावे लागते, यावरून ठरते.